तळ्याकाठची भोजनशाला

मित्रांनो, मी एक जुनी भोजनशाला आहे. पेनसिल्व्हेनियातल्या डोंगरांत, एका लहानशा तळ्याच्या काठी, ज्यू मुलांचं उन्हाळी शिबिर भरतं. तिथे मी उभी आहे. माझं अंग पाइनच्या लाकडाचं, छत उतरतं आणि खिडक्या तळ्याकडे उघडणाऱ्या.

न्यूयॉर्कच्या कपड्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या शिंपी लोकांनी मला बांधलं. आपल्या मुलांना उन्हाळ्यात तरी मोकळी हवा मिळावी, एवढीच त्यांची इच्छा होती. सुतारकाम त्यांना बेताचंच येत होतं, म्हणून माझी एक भिंत आजही किंचित तिरकी आहे. लाकूड मात्र त्यांनी पारखून आणलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी मुलं पांढरे कपडे घालून आत येत. टेबलावर वेणीसारखा गुंफलेला पाव कापडाखाली झाकलेला असे. जेवणं झाली की गाणी सुरू होत आणि मुलं टेबलांवर ठेका धरत. शनिवारी सूर्य मावळला की लवंग-दालचिनीची डबी हातोहात फिरे. सगळे तिचा वास घेत आणि शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळी सुरू झालेल्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाला, निरोप देत. उन्हाळा संपताना मुलं एका फळीवर आपली नावं रंगवत आणि ती फळी माझ्या भिंतीवर टांगत.

ही गाणी शिकवत इडा वाइनर. कॉलेजात असताना त्या इथे पहिल्यांदा आल्या आणि केस पिकले तरी येतच राहिल्या. शुक्रवारचं पहिलं गाणं नेहमी त्याच उचलत. त्यांचा आवाज फार गोड नव्हता, पण तो ऐकला की खोड्या काढणारी मुलंही गायला लागत.

मग २००३ चा हिवाळा आला. त्या वर्षी बर्फ इतका पडला की माझ्या छताच्या दोन तुळया कडाडून मोडल्या. वसंतात विश्वस्त आले आणि बराच वेळ मान वर करून पाहत राहिले. अध्यक्ष म्हणाले, "मुलांच्या डोक्यावर हे छत नको." त्यांचं काही चुकलं नव्हतं. मला पाडून नवी, वातानुकूलित इमारत बांधायचं जवळजवळ ठरलं.

जूनमध्ये माझ्यासमोरच्या हिरवळीवर पालकांची सभा झाली. आधी इडा उठल्या. मला वाटलं, त्या माझी बाजू घेतील.

"पाडा," त्या म्हणाल्या. "गाणी काही छताला चिकटलेली नाहीत. ती झाडाखालीही म्हणता येतात. एखाद्या मुलाला लागलं तर मला जन्मभर झोप येणार नाही."

मित्रांनो, ते शब्द मला फार लागले. पण त्यांत मुलांची माया होती, हेही मला कळत होतं.

तेवढ्यात लेआ पेणकर बोलायला उभ्या राहिल्या. त्या न्यू जर्सीतल्या एडिसनला राहत आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करत. त्यांचं माहेर अलिबागजवळचं. कोकणात कित्येक पिढ्यांपासून मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू राहत आले आहेत. शनिवारी ते तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. लेआ त्यांच्यापैकीच. दहा वर्षांची त्यांची मुलगी तमार शिबिरात होती.

"आमच्या गावच्या प्रार्थनालयाची इमारत धडधाकट होती," लेआ म्हणाल्या. "पण कुणी इस्राएलला गेलं, कुणी मुंबईला. प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमेनात. शेवटी ती वास्तू विकली गेली. माझे वडील कुठल्या बाकावर बसायचे, ते मी तमारला दाखवू शकत नाही. तुमच्याकडे माणसंही आहेत आणि वास्तूही. निदान एकदा इंजिनिअरला दाखवू या."

इडा म्हणाल्या, "बोलवा."

पुढच्याच रविवारी लेआंच्या ओळखीचे उल्हास आले. ते मूळचे पुण्याचे, इमारतींचे इंजिनिअर. शिडी लावून त्यांनी माझी एकेक तुळई हातोडीने ठोकून पाहिली. खाली तमार उभी होती.

"काका, इज इट गोइंग टू फॉल?"

"नाही गं. दोन बीम रिप्लेस करावे लागतील. बाकी लाकूड एकदम सॉलिड आहे. पण किचनची साइड पार सडलीय, ती पाडावीच लागणार."

विश्वस्तांनी ते मान्य केलं. स्वयंपाकघर पाडलं त्या दिवशी मला माझा हात तोडल्यासारखं वाटलं. पण बाकीची मी वाचले. जुने शिबिरार्थी आता आजी-आजोबा झाले होते. ते नातवंडांना घेऊन आले, त्यांनी लाकूड घासलं, खिडक्या रंगवल्या. २००६ च्या उन्हाळ्यात माझी दारं पुन्हा उघडली.

त्या दिवशी कुणीतरी माझ्या जुन्या टेबलांभोवती दोरी बांधून 'हात लावू नये' अशी पाटी ठेवली होती. इडांनी काठी बाजूला ठेवली, दोरीची गाठ सोडली आणि म्हणाल्या, "मुलांनो, बसा. इथे जेवा, सांडा आणि मग पुसा." लेआंनी भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि फळं घालून मलिदा केला होता. बेने इस्राएल घरांत शुभकार्याला तो करतात. इडांनी तो दोनदा मागून घेतला.

मागच्या हिवाळ्यात इडा गेल्या. यंदा, २००८ च्या शिबिरातल्या पहिल्या शुक्रवारी सगळे पांढऱ्या कपड्यांत बसले, पण गाणं कुणी उचलेना. मग तमार उभी राहिली. तिने सूर फार वरचा लावला आणि दुसऱ्याच ओळीला तिचा आवाज फाटला. मुलं हसली, तीही हसली. "सॉरी, वन मोअर टाइम," म्हणून तिने सूर खाली आणला आणि पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला सगळी टेबलं तिच्याबरोबर होती.

मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्यासारखी एखादी वास्तू असेल. तिचं लाकूड जरूर जपा. पण तिच्यात जात राहा, बसा, जेवा. आणि गाणं उचलणारं माणूस एक दिवस उरलं नाही, तर सूर चुकेल म्हणून थांबू नका.