छत्तीसची खुंटी

केकवर माश्या बसल्या होत्या. सात रंगांची साखर उन्हानं ओघळून कागदी ताटलीत आली होती आणि तिच्यात एक माशी पाय अडकून पडली होती. नोरीन ट्रेगियरबाईंनी ताटली दोन बोटांनी टेबलाच्या टोकाला ढकलली आणि हात पँटला पुसला. सकाळपासून त्यांना नुसती शिसारी येत होती, आणि त्यात केकचा दोष फार थोडा होता.

एकतीस वर्षं त्या बराबीन गावच्या शर्यतीच्या हँडिकॅपर होत्या. गावात ह्या शर्यतीला नुसतं 'गिफ्ट' म्हणतात. गवतावर एकशेवीस मीटर धावायचं, पण सगळ्यांनी एका रेषेवरून सुटायचं नाही. जो सगळ्यांत वेगवान तो शून्यावर, आणि जो जितका मंद तितकी त्याची खुंटी पुढे, कुणाची पाच मीटर तर कुणाची पंधरा. ह्या पुढच्या खुंटीलाच हँडिकॅप म्हणायचं, आणि ती कुठे ठोकायची ते हँडिकॅपरनं ठरवायचं. अंदाज बरोबर बसला तर खाटीक, शाळामास्तरीण आणि मेलबर्नहून आलेला पट्टीचा धावपटू असे सगळे छातीला छाती लावून फितीवर येतात. गावात हे पणजोबांच्या वेळेपासून चाललं होतं, आणि त्याला मोठंसं नाव द्यावं असं कुणाला सुचलं नव्हतं.

यंदा ते ग्रँट हॅलिवेलला सुचलं. घरं विकणारा माणूस, नवा नवा अध्यक्ष झालेला. फाटकावर 'समावेश दिन' असा फलक लागला, स्वयंसेवकांना 'सगळे आपले' असं छापलेले सदरे मिळाले, आणि जेवणाच्या सुट्टीत 'सर्वांची धाव' ठेवली गेली. अपंगांसाठी पन्नास मीटर, वेळ मोजायची नाही, नंबर काढायचा नाही, सगळ्यांना निळी फीत. फोटोग्राफर शहरातून बोलावला होता.

नोरीनबाईंनी कार्यक्रमाचा कागद पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. गिफ्टच्या धावकांची सोळा नावं होती. त्यांनी दिलेल्या यादीत सतरा होती. सतरावं नाव होतं रोवेना पास्को, छत्तीस मीटर.

रोवेना सव्वीस वर्षांची, धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी काम करणारी. जन्मापासून डावा हात आणि डावा पाय आखडलेले, त्यामुळे पळताना डावा बूट गवतावर जरा घासत येतो. चार वर्षं ती दर मंगळवारी आणि गुरुवारी नोरीनबाईंच्या सरावाला येत होती, एक दिवस न चुकवता. दर वर्षी विचारायची, "नॉर, माझी खुंटी?" आणि नोरीनबाई म्हणायच्या, "पुढच्या वर्षी बघू." मग मोजायच्या फितीचं टोक तिच्या हातात द्यायच्या. चार वर्षं रोवेनानं टोक धरलं आणि दुसऱ्यांच्या खुंट्या ठोकल्या गेल्या. यंदा कुठे बाईंनी तिचं नाव यादीत घातलं होतं.

"ग्रँट," नोरीनबाईंनी हाक मारली. "रोवेनाचं नाव कुठंय?"

"आहे की. सर्वांच्या धावेत, अगदी पहिलं."

"ती गिफ्टमध्ये आहे."

ग्रँटनं आवाज मऊ केला. घर विकताना करतो तसा. "नोरीन, छत्तीस मीटर गं. ती बिचारी एकटी पुढे उभी राहणार आणि मागून सगळी पलटण अंगावर येणार. किती अवघडल्यासारखं होईल तिला."

"तिला विचारलंस?"

"समिती नेमली होती ना आपण."

"आणि त्या समितीत लंगडं कोण होतं?"

ग्रँटनं इकडेतिकडे पाहिलं. "हे असले शब्द नकोत आता. बरं आठवलं, तो हँडिकॅप शब्दही काढून टाकलाय. लोकांना लागतो. नियमांच्या पुस्तकातूनसुद्धा गेला, एकूण एक जागी. आता तू प्रारंभ-समन्वयक." त्यानं खिशातून एक चकचकीत बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

बाईंनी बिल्ल्याला हात लावला नाही. नियमांचं पुस्तक उघडलं. चौथा नियम पूर्वी असा होता: हँडिकॅपरने ठरवलेल्या हँडिकॅपच्या खुंटीवरून धावक सुटतील. आता उरलं होतं नुसतं 'धावक सुटतील'. ज्या शब्दानं म्हातारा आणि तरणा एका फितीवर आणला, तोच ह्या शहाण्यांना घाण वाटला होता. आपली अक्कल गहाण टाकून वर सात रंगांचा केक वाटत बसलेत, मेले.

रोवेना आली तेव्हा तिच्या अंगात तोच 'सगळे आपले' सदरा होता.

"हा दिला मला," ती म्हणाली. "साडेबाराला पन्नास मीटर पळ म्हणाले. हसत पळ म्हणाले."

"मग तू काय म्हणालीस?"

"थँक यू म्हणाले. मी नेहमी थँक यूच म्हणते." तिनं सदरा डोक्यावरून ओढून काढला. आत तिनं गिफ्टचा लाल बनियन घातलेला होता, छातीवर नंबर नसलेला. "जाऊ दे नॉर. फीत आण, टोक धरते."

नोरीनबाईंनी नियमांचं पुस्तक मिटलं. ग्रँटला शिव्या देणं सोपं होतं. पण ह्या पोरीला चार वर्षं ते टोक कुणी धरायला लावलं होतं?

साडेबाराला 'सर्वांची धाव' झाली. दोन लहान मुली आणि काठी टेकत चालणारे एक आजोबा पळाले, मजेत पळाले बिचारे. पण फोटोत आजोबांचे डोळे मिटलेले आले, म्हणून फोटोग्राफरनं तिघांना परत मागे नेलं आणि पुन्हा पळायला लावलं. आजोबा धापा टाकत विचारत होते, आता काय चुकलं? लोक टाळ्या वाजवत होते. रोवेना फितीचं रीळ मांडीवर घेऊन पलीकडे बसली होती, आणि तिनं तिकडे मान वळवून पाहिलं नाही.

एक वाजला. गिफ्टची पहिली फेरी. पळणारे मैदानात आले आणि पाहतात तर गवतावर एकही खुंटी नाही. खुंट्यांची बादली आणि हातोडा दोन्ही मैदानाकडेच्या झाडाखाली, नोरीनबाईंच्या खुर्चीपाशी. बाई चहा पीत होत्या.

ग्रँट पळतच आला. त्याच्या पायात नवेकोरे काट्यांचे बूट होते, कारण गिफ्टमध्ये तोही दर वर्षी धावायचा. "नोरीन, खुंट्या?"

"कसल्या खुंट्या? चौथा नियम वाच. धावक सुटतील. कुठून सुटतील ते काही लिहिलेलं नाही. हँडिकॅप नाही तर हँडिकॅपरही नाही. सगळ्यांनी एका रेषेवरून पळा."

"एका रेषेवरून?" डार्सी बंट म्हणाला. हा गावचा खाटीक, नऊ मीटरवाला. "मग मी आपला सॉसेज विकायला जातो. तेवढीच चार गिऱ्हाइकं होतील."

मेलबर्नचा शून्यावरचा पोरगा मात्र गालात हसत होता. बाकीच्यांची कुजबुज वाढली.

"तुझी खुंटी किती, ग्रँट?" बाईंनी विचारलं.

"तेरा."

"दर वर्षी तेरा मीटर पुढे एकटा उभा राहतोस. अवघडल्यासारखं होतं का रे?"

डार्सी फिसकन हसला. ग्रँटचे कान लाल झाले.

"माझी यादी एकच आहे," बाई म्हणाल्या. "सतरा नावांची. ठोकीन तर सतरा, नाहीतर एकही नाही."

ग्रँटनं मेलबर्नच्या पोराकडे पाहिलं, मग स्वतःच्या नव्या बुटांकडे. "ठोक बाई," तो म्हणाला.

खुंट्या ठोकल्या गेल्या. टोक रोवेनानंच धरलं, सवयीनं. छत्तीसच्या आकड्यापाशी नोरीनबाईंचा हातोडा क्षणभर थांबला. गुरुवारच्या सरावात घड्याळ लावून घेतलेल्या वेळेवरून हिशोब चौतीसचा निघत होता. बाईंनी चौतीस लिहिलेही होते. मग रात्री त्यांना वाटलं, पोर सगळ्यांदेखत शेवटची आली तर? आणि त्यांनी चौतीस खोडून छत्तीस केले. एकतीस वर्षांत असं कुणासाठी केलं नव्हतं, सख्ख्या भावासाठीसुद्धा. त्यांनी खुंटी ठोकली.

बार झाला. रोवेना सुटली. डावा बूट गवतावर घासत होता, आखडलेला हात छातीशी होता, आणि मागची पलटण काही तिच्यापर्यंत पोहोचली नाही. पहिली आली ती, दोन मीटरनं.

मग जे झालं ते बाईंना बघवेना. लोक उभे राहून रडायला लागले. लाउडस्पीकरवरचा माणूस गहिवरून आपण सगळेच आज जिंकलो असं काहीतरी बरळत होता. डार्सी बंट गेल्या साली पहिला आला तेव्हा कुणाच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. ह्यांना शर्यत दिसलीच नव्हती, फक्त पाय दिसला होता.

रोवेना मात्र हसत नव्हती. ती वळून त्या दोन मीटरांकडे पाहत होती. चार वर्षं फीत धरलेली पोर, अंतर तिला नजरेनं मोजता येत होतं. ती तडक नोरीनबाईंकडे आली.

"मला किती द्यायला हवे होते?"

बाई खोटं बोलल्या नाहीत. "चौतीस."

"मग छत्तीस का?"

"दया आली."

"शी," रोवेना म्हणाली, आणि पाठ फिरवून निघून गेली.

सकाळपासून जे जे नोरीनबाईंना ग्रँटला म्हणायचं होतं, ते त्या एका अक्षरात आलं होतं आणि ते त्यांच्याच तोंडावर पडलं होतं. त्यांनी चहा गवतावर ओतून टाकला. हातोडा घेतला आणि भर मैदानात जाऊन छत्तीसची खुंटी उपटली. जुना नियम होता, फेरी मीटरभराहून जास्त अंतरानं जिंकली तर खुंटी मागे घ्यायची. हँडिकॅप शब्दासोबत तोही पुस्तकातून गेला असणार, पण बाईंना तो पाठ होता. मागे येऊन त्यांनी चौतीसवर खुंटी ठोकली.

प्रेक्षकांना कळलं तेव्हा हुर्यो उडाली. कुणीतरी "लाज वाटत नाही का?" म्हणून ओरडलं. ग्रँट धावत आला. "नोरीन, जिंकली म्हणून शिक्षा देतेस तिला? आज समावेश दिन आहे, निदान आज तरी."

"ती जिंकली, तिची खुंटी मागे गेली. डार्सीची गेली होती तशी. सरक, सावली पडतेय."

अंतिम शर्यत चारला झाली. शंभर मीटरपर्यंत रोवेना पुढे होती. मग डार्सी आला, मेलबर्नचा पोरगा आला, शाळामास्तरीण आली, आणि चौघं जवळजवळ एकदमच फितीवर पडली. डार्सी पहिला. रोवेना चौथी, फार तर हातभर मागे. दोन मीटर पुढे असती तर तिच्या पाठीलाही कुणी शिवलं नसतं.

सहावा आलेला ग्रँट धापा टाकत तिच्याकडे गेला. त्याच्या हातात एक जांभळा रेशमी पट्टा होता, त्यावर सोनेरी अक्षरांत 'प्रेरणा'. फोटोग्राफर मागोमाग.

"चौथ्याला पट्टा कधीपासून द्यायला लागलात?" रोवेनानं विचारलं. "तू सहावा ना? तूच घाल." पट्टा त्याच्याच गळ्यात अडकवून ती नोरीनबाईंच्या खुर्चीकडे निघाली.

गिफ्टमध्ये हरलेला प्रत्येक माणूस हँडिकॅपरकडे जातो आणि तिला शिव्या घालतो, ही बराबीनची जुनी रीत. एकतीस वर्षांत नोरीनबाईंनी गावातल्या झाडून सगळ्यांच्या खाल्ल्या होत्या. रोवेनाची एकही नव्हती. तिला हरायलाच कुणी दिलं नव्हतं.

"म्हातारे, चोर आहेस तू," रोवेना म्हणाली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "ती खुंटी चौतीसवर नव्हतीच. साडेतेहतीस होती. मोजून बघते मी."

"चौतीसच होती."

"आंधळी झालीस. आणि ह्या खाटकाला नऊ? हा बैल सहावर असता तरी जिंकला असता."

"मला मध्ये ओढू नका," डार्सी सॉसेज खाता खाता म्हणाला.

नोरीनबाई कंबरेवर हात ठेवून सगळं ऐकून घेत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "पुढच्या वर्षी चौतीसपण विसर. आजचं तुझं पळणं बघितलंय मी. तेहतीस."

"मर तिकडे," रोवेना म्हणाली, आणि पाय घासत, तणतणत डार्सीकडे सॉसेज मागायला गेली. थँक यू म्हणाली नाही.

बाईंनी खुंट्या उपटून बादलीत टाकल्या आणि फीत गुंडाळायला घेतली. दुसरं टोक धरायला कुणीच नव्हतं. त्यांनी ते टोक गवतातच पडू दिलं आणि एकटीनंच फीत ओढत आणली.