माझा!

सगळं कॉलेज तिला जिराफ म्हणायचं. उंची तशीच होती, आणि महिन्याभरापासून आवाजही तसाच झाला होता. म्हणजे नव्हताच.

सकाळी व्हॉलीबॉलचा सराव, मग तास, दुपारी कॉलेजच्याच ग्रंथालयात अर्धवेळ काम. परत आलेली पुस्तकं ढकलगाडीवर चढवायची आणि जागच्या जागी लावायची. वडिलांची कंबर धरल्यापासून सगळं घर आईच्या शिवणयंत्रावर चाललं होतं. वसतिगृहाचा खर्च आपला आपण भागवू, असं तिनंच फोनवर आईला सांगून टाकलं होतं.

काम जमलं. फार जमलं, तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. ग्रंथपाल बाईंचा दंडक एकच: आवाज नको. खुर्ची उचलून ठेवायची, शिंक दाबायची, बोलायचं तर कानाशी. जिराफ हे इतकं शिकली, की मैदानावरही कुजबुजायला लागली.

व्हॉलीबॉलमध्ये हाताआधी तोंड लागतं. दोघींच्या मधे बॉल आला की जिचा असेल तिनं 'माझा!' अशी बोंब ठोकायची, दुसरीनं बाजूला व्हायचं. त्या सकाळी बॉल अगदी मधोमध आला. जिराफ 'माझा' म्हणालीही, पण झोपलेल्या बाळाशेजारी म्हणावं तसं. कॅप्टनही धावली. डोक्यावर डोकं आपटलं आणि कॅप्टनच्या कपाळावर बघता बघता लिंबाएवढं टेंगूळ आलं.

"अगं, तोंड काय खोलीवर ठेवून येतेस?"

"म्हटलं की मी!"

"कुणाला, मुंगीला?"

सराव घेणारे सर हसले नाहीत. "उद्या तुझा आवाज मला फाटकापाशी ऐकू आला पाहिजे. नाहीतर शनिवारच्या सामन्याला तू बाकावर. नाहीच जमलं तर ते काम सोड. दोन्ही डगरींवर हात ठेवून चालत नाही."

काम सोडलं तर वसतिगृह सुटणार, आणि संघ सुटला तर ती नुसतीच उंच उरणार. दुपारभर हेच डोक्यात. तेवढ्यात शिडीवर चढलेल्या बाईंच्या हातून जाडजूड शब्दकोश निसटला. खाली एक विद्यार्थी पेंगत होता. जिराफनं सूर मारला आणि त्याच्या डोक्याच्या वीतभर वर कोश झेलला. चकार शब्द न काढता.

बाई खाली उतरल्या. "ओरडायचं नाही का गं? नसता झेलता आला तर?"

"बाई, आवाज नको ना," ती पुटपुटली आणि रडायलाच लागली. मग सगळं सांगितलं, टेंगळापासून बाकापर्यंत.

बाईंनी कोश टेबलावर ठेवला. "आमच्याकडेही तेच," त्या म्हणाल्या. "मी घरी हाक मारते ती ह्यांना ऐकूच येत नाही. त्यांना वाटतं, मी रुसलेय." मग किल्ल्यांचा जुडगा उचलून त्या चालू लागल्या.

तळघरात जुन्या वर्तमानपत्रांची खोली होती. बाईंनी धूळ झटकायच्या फडक्याचा गोळा केला आणि फेकला. "ओरड."

"इथे?"

"मी सांगतेय ना!"

पहिला 'माझा' कण्हल्यासारखा निघाला.

"ही मांजर कुठून आली? जोरात!" म्हणताना बाईंचाच आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा करकरला. दोघी हसल्या. गोळा उडत राहिला, आवाज चढत राहिला. शेवटी शिपाईकाका जिन्यात वाकले. "बाई, वर वाचकांची तक्रार आहे."

"त्यांना म्हणावं, शांत बसा!"

दुसऱ्या दिवशी बॉल पुन्हा मधोमध आला. "माझा!" छपरावरची कबुतरं उडाली. कॅप्टन दोन्ही हातांनी कपाळ झाकून लांब पळाली. फाटकापाशी उभ्या सरांनी कानात बोट घालून हलवलं. "शनिवारी खेळतेयस तू. आता जरा हळू."

दुपारी ती धावतच ग्रंथालयात शिरली. "बाई, घेतलं मला!"

वाचनकक्षातली सगळी डोकी वर झाली. बाईंचं बोट सवयीनं ओठांकडे निघालं. अर्ध्या वाटेवर थांबलं आणि त्यांनी उगाचच चष्मा सारखा केला.