चिरडल्यावर येणारा वास

बरणीतल्या आया चांगल्या गुटगुटीत होत्या. अंडीही भरपूर घातली होती. पण एकाही अंड्यातून पिल्लू बाहेर आलं नव्हतं. संघमित्राने मायक्रोस्कोपवरून डोळा उचलला, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. तेच. अंडी आपली गोल, काळपट, गप्प पडलेली.

आया म्हणजे कोपेपॉडच्या माद्या. हे जीव तांदळाच्या कणीहूनही लहान, झिंग्यांचे दूरचे भाऊबंद, समुद्रात तरंगत राहणारे. माशांची नुकती जन्मलेली पिल्लं यांच्यावरच वाढतात. दादरच्या कॉलेजात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला संघमित्राने प्रोजेक्ट घेतला होता तो हाच: हे जीव बरणीत वाढवायचे, म्हणजे मत्स्यबीज केंद्रांना उपयोगी पडतील. कागदावर सोपं होतं. स्वच्छ समुद्राचं पाणी, हवेची नळी आणि खायला डायटम. डायटम म्हणजे एकाच पेशीचं शेवाळ, काचेच्या डबीत राहणारं.

"तुझ्या बरण्यांना कुणाची तरी नजर लागलीय," शेजारच्या टेबलावरची श्रेया म्हणाली.

"नजर नाही गं, पाणी," संघमित्रा म्हणाली.

पाणी तिचे वडील आणत. राजाराम बेस्टमध्ये ड्रायव्हर होते, नुकतेच निवृत्त झालेले. दर रविवारी काळाचौकीहून स्कूटरवर माहीमला जायचं, कोळीवाड्यातल्या रामजींनी आत दर्यातून भरून आणलेला कॅन घ्यायचा, पायांच्या मध्ये ठेवून सांभाळत घरी आणायचा. मुलगी समुद्राच्या पाण्यावर शिकतेय याचं त्यांना कोण कौतुक! चाळीतल्या कुणी "जय भीम, राजारामभाऊ, आज कुठे?" विचारलं की ते थाटात सांगायचे, "लॅबच्या कामाला."

त्या संध्याकाळी घरी आल्या आल्या संघमित्राने विचारलं, "पप्पा, हा कॅन आधी कशाचा होता?"

"तेलाचा. पण गरम पाण्याने धुतलाय मी. सोडा घालून."

"धुतलाय म्हणजे झालं का? आतमध्ये काहीतरी राहिलंच असणार. माझी सगळी मेहनत पाण्यात गेली!"

राजारामांनी कॅनचं झाकण उघडून आत हुंगलं. मग एवढंच म्हणाले, "नवीन आणतो."

पुढच्या रविवारी ते नवा कॅन घेऊन स्वतःच रामजींच्या होडीतून आत गेले. आयुष्यभर बस चालवली, पण होडी त्यांना सोसत नव्हती. दुपारी परत आले तेव्हा चेहरा पिवळा पडलेला, शर्टावर मीठ सुकलेलं. कॅन दारात ठेवून ते पंख्याखाली आडवेच झाले.

"आता बघ," डोळे मिटूनच म्हणाले.

त्या पाण्यातही आया छान पोसल्या. अंडी पुन्हा गप्प.

संघमित्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तशीच इरावती मॅडमकडे गेली. मॅडम तिच्या गाईड. फार बोलायच्या नाहीत, पण बोलल्या की नेमकं बोलायच्या. त्यांनी बरण्या उजेडात धरून पाहिल्या.

"पाणी वाईट असतं तर आई आधी मेली असती," त्या म्हणाल्या. "या तर मजेत आहेत. काय खातायत?"

"डायटमच. सगळीकडे तेच देतात, मॅडम."

"मग अर्ध्या बरण्यांना दुसरं काहीतरी देऊन बघ."

संघमित्राने अर्ध्या बरण्यांत साधं हिरवं शेवाळ घातलं. पाणी तेच, बरण्या त्याच. काही दिवसांनी तिने भिंगाखाली थेंब ठेवला आणि ओरडलीच. थेंबभर पिल्लं! सहा पायांची, लाल ठिपक्यासारखा एकच डोळा, धडपडत इकडून तिकडे धावणारी. डायटमवाल्या बरण्यांत मात्र शुकशुकाट.

"म्हणजे डायटम विषारी आहे? मग खाणारी आई कशी मरत नाही?"

मॅडमनी दाट डायटमचा लगदा बशीत घेतला. "वास घे."

"काहीच नाही. थोडा समुद्रासारखा."

मॅडमनी तोच लगदा खलात घालून घोटला. "आता?"

संघमित्राने नाक मुरडलं. खवट, जुन्या तेलासारखा भपकारा. आणि त्याच्या मागून, आश्चर्य म्हणजे, काकडीचा.

"काकडी!"

"अख्ख्या काकडीला असा वास येतो का कधी? सुरी फिरली की येतो. गवत कापलं की येतो. वास आधी नसतोच, संघमित्रा. तो त्या क्षणी तयार होतो. पेशी फुटली की तिच्या आवरणातलं तेल सुटं होतं, एन्झाइम त्याला ऑक्सिजन जोडतात, तोडतात, आणि नवीनच रसायनं बनतात. ऑक्सिलिपिन म्हणतात त्यांना. झाडाचं पान अळीने कुरतडलं तर याच घराण्यातलं रसायन बाकीच्या पानांना निरोप देतं, की सावध व्हा. आणि हे तुझं डायटम आईच्या तोंडात चिरडलं की जे बनतं, ते आईला बाधत नाही. तिच्या अंड्यांना बाधतं."

संघमित्रा खुर्चीवर बसली. "पण चिरडलेली पेशी तर मेली. तिला काय मिळालं?"

"तिला काही नाही. पण आजूबाजूला तिच्याच जातीच्या लाखो तरंगतायत. त्यांना खाणारी तोंडं पुढच्या पिढीत कमी होतात. शिवाय हेच रसायन पाण्यात थोडंसं पसरलं तर शेजारच्या पेशी आधीच तयारीला लागतात, असंही दिसलंय."

संघमित्राने पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला. बारीक काचेच्या डब्या एकीला एक चिकटून लांबच लांब माळ झालेली, प्रत्येकीत सोनेरी ठिपका. ना पाय, ना दात, ना पळायची सोय. आणि तरी आतमध्ये हा एवढा कारखाना, फुटल्याशिवाय सुरूच न होणारा. इतके दिवस ती या डब्यांना नुसता चारा समजत होती. तिला उगाचच ताठ बसावंसं वाटलं, जसं कुणी मोठं माणूस खोलीत आल्यावर वाटतं.

शनिवारी ती वडिलांना लॅबमध्ये घेऊन आली. मॅडमही तिथेच होत्या.

"पप्पा, तुमचं पाणी चांगलं होतं. पहिल्यापासून. मी उगाच बोलले."

"अगं, असू दे," राजाराम म्हणाले आणि घाईघाईने विचारलं, "ते कुठून बघायचं?"

त्यांनी एक डोळा हाताने झाकून आत पाहिलं. बराच वेळ हललेच नाहीत. संघमित्राने मॅडमसारखंच खलात लगदा घोटून त्यांच्या नाकाशी धरला, सगळं समजावून सांगितलं. ते मान डोलवत ऐकत राहिले.

"भारी आहे," शेवटी म्हणाले. "एकदम भारी. पण एक सांग. त्या आयांना कळतं का, आपण काय खातोय ते?"

संघमित्राने मॅडमकडे पाहिलं. मॅडम हसल्या. "मला माहीत नाही, राजारामभाऊ. तुमच्या मुलीलाच शोधू दे."

मत्स्यबीज केंद्रांसाठी आया वाढवायचा मूळ प्रोजेक्ट तिथेच संपला. संघमित्राने अंड्यांवरच लिहिलं आणि परीक्षकांनी तिला तासभर उलटसुलट विचारून पास केलं. आता ती पीएचडीला लागली आहे. एकाच बरणीत दोन्ही शेवाळं सोडायची आणि आया कशाकडे वळतात ते बघायचं. काही बरण्यांत त्या हिरव्याकडे जातात, काहींत दोन्ही सारख्याच चवीने खातात. उत्तर अजून हाती लागलेलं नाही. संघमित्राला त्याची घाई नाही. सकाळी लॅबमध्ये आली की ती आधी डायटमची बरणी उजेडात धरते, हलकेच फिरवते, आणि सोनेरी धूर पाण्यात उठताना बघत थोडा वेळ नुसती उभी राहते.