बाबांची कवळी

बाबांची कवळी तिनेच बनवली होती. दंतवैद्याकडे तिचं तेच काम होतं. तेव्हापासून बाबांची प्रार्थना शेजारीपाजारीही खणखणीत ऐकू जायची.

त्या सकाळी प्रार्थना आटोपल्यावर तिने धीर एकवटून सांगितलं, “आई, बाबा, मी तुमचा मुलगा नाही, मुलगी आहे. लहानपणापासून.”

आईने कानांवर हात ठेवले.

“या तोंडाने मी देवाचं नाव घेतो,” बाबा म्हणाले. “तुझ्या हातचं काही त्यात नको.” त्यांनी कवळी काढून टेबलावर ठेवली.

तिने ती धुऊन पुढे केली. “राग माझ्यावर धरा, पण जेवणार कसे?”

बाबांनी तोंड फिरवलं.

आठवड्याने ती सामान घेऊन निघाली, तेव्हा बाबा बोळक्या तोंडाने प्रार्थना करत होते. तिला एक शब्दही कळला नाही. आईने तिच्यासाठी दार उघडून धरलं आणि ती बाहेर पडताच लावून घेतलं.