मनकर्णाबाईचं विरजण

मित्रांनो, मी एक जुनी मडकी आहे, दही लावायची. अकोल्याकडच्या एका खेड्यात नत्थुजी कुंभारांनी नाल्याचा गाळ तुडवून मला घडवलं, आव्यात भाजलं आणि बोटाने टिचकी मारून पाहिलं. मी खणखणीत वाजले. त्याच आठवड्यात मनकर्णाबाई मला डोक्यावर घेऊन घरी आली. ती तेव्हा नवी नवरी होती.

तिच्या सासूबाईंनी, गोदाबाईंनी, तिला दही लावायला शिकवलं. दूध तापवून कोमट करायचं, करंगळी बुडवून पाहायची, चटका बसता कामा नये. मग विरजणाचा ठिपका टाकून मला चुलीच्या उबेला ठेवायचं. "आता हलवू नोको तिले," गोदाबाई म्हणत, "दही लागून राह्यलं." पुढे त्या गेल्या, पण त्यांचं विरजण माझ्यात राहिलं. रोजच्या दह्यातला एक चमचा उद्यासाठी, असं ते चालत आलं.

मग कापसाचे दिवस आले. दूर कुठल्या मुलखात गोरे आपसात लढत होते म्हणे, त्यामुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचं मोल आलं. मनकर्णाबाईचे मालक खुशालराव हौशी गडी. त्यांनी ज्वारीच्या वावरातही कापूस पेरला. साऱ्या गावानेच पेरला. बायकांच्या अंगावर दागिने आले, पण ज्वारी नाही म्हणून कडबा नाही, आणि कडब्यावाचून ढोरं कशी जगणार? एकेक करून गावातल्या गाई-म्हशी बाजारात गेल्या.

आमच्या घरची म्हैसही गेली. गाय मात्र मनकर्णाबाईने सोडली नाही.

"कावून अडून बसली तू?" खुशालराव म्हणाले. "दूध-दही इकत घेऊ ना!"

"इकत कोन देईन? समद्यायनं ढोरं इकली. अन् ढोराले काय कापूस चारता? मी आनीन गवत धुऱ्या-बांधावरून. माह्या शकुनले दूध पाह्यजे."

शकुन त्यांची एकुलती लेक, पाच वर्षांची. तिला मडकीतली साय बोटाने चाटायची खोड होती. बोट आत आलं की मला कळायचं, सकाळ झाली.

एका उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या. गढूळ पाणी पिऊन गावात हगवण लागली. लेकरांच्या पोटात पेज आणि ताकाखेरीज काही ठरेना. पण ताक आणायचं कुठून? गावात विरजण उरलं होतं ते माझ्यात. बायका वाट्या घेऊन येत. मनकर्णाबाई दह्यात पाणी घालून घुसळायची आणि वाटून टाकायची.

मग शकुन आजारी पडली. आईने तिला मांडीवर घेऊन चमचा-चमचा ताक पाजलं. ती प्यायची, हसायची आणि पुन्हा मलूल व्हायची. काही दिवसांतच ती गेली. मित्रांनो, त्या सकाळी माझ्यातलं दही छान लागलं होतं. वरची साय अख्खी होती.

खुशालराव लेकीला माती देऊन आले आणि भिंतीला टेकून बसले. तेवढ्यात दारात शेजारची पार्वताबाई दिसली. रिकामी वाटी तिने पदराआड धरली होती. तिचा गोवर्धन अंथरुणावर होता. तिला मागवत नव्हतं आणि परतही जाववत नव्हतं.

खुशालराव मान खाली घालून म्हणाले, "बाई, सुतक हाय आमच्या घरात. आमच्या घरचं चालत नाही कोनाले."

पार्वताबाई वळली. तेव्हा मनकर्णाबाई उठली. तिने मला दोन्ही हातांनी उचललं आणि ओट्यावर आणून ठेवलं.

"पार्वता, ने. माही पोर गेली. तुहा गोवर्धन राहू दे."

"मनकर्णा, कोन्या तोंडानं नेऊ व मी?"

"ने म्हनते ना! सुतक मले हाय. दह्याले कायचं सुतक?"

पार्वताबाई रडत रडत दही घेऊन गेली. तिच्या मागून आणखी दोघी-तिघी आल्या. कुणी सुतकाचं नाव काढलं नाही.

दिवस कलला. गाय हंबरू लागली. मनकर्णाबाई शकुनची गोधडी उराशी धरून पडली होती, तिला उठवेना. खुशालरावांनी कधी चुलीपुढे पाऊल टाकलं नव्हतं. त्यांनी गाय पिळली, दूध तापवलं आणि बायकोजवळ येऊन बसले.

"इरजन कसं लावतेत? सांग मले."

तिने डोळे न उघडता सांगितलं. त्यांनी करंगळी बुडवून पाहिली आणि ठिपका टाकला. मग झाकण ठेवून मला चुलीच्या उबेला सरकवलं.

सकाळी दही लागलं. गोवर्धन वाचला. सगळीच लेकरं काही वाचली नाहीत. पुढच्या पेरणीला खुशालरावांनी अर्ध्या वावरात ज्वारी पेरली, कडब्यासाठी. कापूस कमी झाला म्हणून त्यांना लोक हसले.

मनकर्णाबाई म्हातारी होईपर्यंत रोज दही लावत राहिली, मागेल त्याला देत राहिली. स्वतः मात्र तिने पुन्हा कधी दह्याला तोंड लावलं नाही. हे गावात कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मला ठाऊक होतं.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. शेजारच्या घरून वाटीभर विरजण आणाल, तेव्हा लगेच पाठ फिरवू नका. देणारीला घटकाभर विचारा, "बाई, तू जेवली का?"