गौतमचा करदोडा

"अगं, वाळे नि करदोडा कुठाय पोराचा?" दीड वर्षाच्या गौतमला वजनकाट्याच्या झोळीत बसवता बसवता मालनबाईंनी विचारलं.

वैशालीनं पदर सारखा केला. "इकले, अम्मा. ह्यांचा कारखाना बंद पडला न्हाई का. घरात चावल नव्हते."

अंबरपेठेतल्या त्या एका खोलीच्या अंगणवाडीत मालनबाईंची उभी हयात गेली होती. दर महिन्याला पोरांची वजनं करायची आणि तक्त्यावर ठिपका द्यायचा. ठिपका खालच्या रेघेखाली गेला, की त्या पोराला दुप्पट खाऊ. गौतमचा ठिपका कायम रेघेच्या जेमतेम वर, म्हणून त्याला एकच वाटी.

खरं तर वजन करताना पोराच्या अंगावर काही ठेवायचं नाही, असा नियम होता. पण पहिल्याच खेपेला वैशाली काकुळतीला आली होती, "चांदी काढू नका, अम्मा. नजर लागती लेकराला." मालनबाईंचंही माहेर नांदेडकडचं. उघड्या कमरेचं लेकरू त्यांनाच बघवत नसे. नियमाला थोडीच नजर लागते, लेकराला लागते! "राहू दे," त्या म्हणाल्या, आणि पुढेही तसंच चालत राहिलं. चांदी तरी कसली, वैशालीच्या आजोळची, भरभक्कम.

आज काट्यावर वजन एकदम कमी भरलं होतं. काटाच बिघडला असेल म्हणून मालनबाईंनी पिठाची एक किलोची पिशवी टांगून पाहिली. काटा बरोबर होता. मग त्यांनी पहिल्यांदाच पोराकडे नीट पाहिलं. चांदीखाली झाकलेले घोटे काडीसारखे होते.

"एका महिन्यात इतका वाळला का हो?" वैशालीनं विचारलं.

"एका महिन्यात न्हाई गं. आधीपासनंच वाळलंय लेकरू. मीच चांदी तोलत बसले."

वैशाली हळूच म्हणाली, "म्हंजे दुप्पट खाऊ तवापासनंच मिळला असता?"

"हौ," मालनबाई म्हणाल्या. ही पोर आपल्याला चार शिव्या का देत नाही, असं त्यांना वाटून गेलं.

त्यांनी गोड पीठ कालवून दोन वाट्या पुढ्यात ठेवल्या. गौतम मुकाट्यानं खाऊ लागला. एका हातानं त्यानं दुसरी वाटी धरून ठेवली होती.

"कंबर उघडी दिसती, अम्मा," वैशाली ओशाळून म्हणाली.

मालनबाईंनी पेटीतून काळ्या दोऱ्याचं रीळ काढलं. आपल्या मुलांना ह्या वयात बांधत तेवढाच दोरा सवयीनं तोडला आणि गौतमच्या कमरेला घातला. एक वेढा होऊन बराच दोरा उरला. दुसरा वेढा घेतला, तरीही टोक लोंबतच राहिलं.

वैशालीनं कात्री पुढे केली.

"राहू दे," मालनबाई म्हणाल्या. "अंग भरंल तसा सोडू."