वरवंट्याची कावीळ

कुसाबाईच्या अंगणात सकाळपासून चपलांचा ढीग पडला होता. मखमलाबादच्या मळ्यांतल्या निम्म्या बायका आल्या होत्या, त्या तिच्या तान्ह्या नातवाला नव्हे, त्याच्या गळ्यातली माळ बघायला. काल कावीळ उतरवणाऱ्या सहादूबाबाने ती बाळाच्या डोक्यावर घट्ट बसवली होती. आज ती गळ्यात आली होती.

"आपसूक वाढली गं! कुणी हातबी लावला नाय!"

"कावीळ डोक्यातून सुटली. माळ पायाशी आली की पोर मोकळं!" ओट्यावरून बाबा गरजला. "दवाखान्याच्या मशीनला जमत नाय, ते माझी मंतरलेली काडी करते!" बाबाचं तोंड इतकं जोरात चालायचं की मधे प्रश्न घुसवायला फट सापडत नसे.

दाराआड बाळाची आई हर्षाली हे ऐकत होती. बाळंतिणीच्या खोलीला खिडकी होती, पण तिच्यावर गोणपाट ठोकलेलं. बाजेखाली शेगडी, वर ओव्याचा धूर. सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही. मोबाइल सासूकडे, कारण बाळंतिणीचे डोळे जातात. नवरा शेखर फुलं घेऊन मार्केटला. आणि मांडीवर बाळ, दूध ओढायचं सोडून नुसतं झोपणारं. घरी सोडताना डॉक्टर प्रतिभाताईंनी बजावलं होतं, बाळ पिवळं दिसलं, प्यायचं कमी केलं, तर लगेच आणा. तपासणीची तारीखही उलटून गेली होती. विषय काढला की सासूचं एकच, "माळ उतरू दे. मधीच दवाखान्यात नेलं तर गुण जातो." हर्षालीला रडू फुटायचं, पण रडलं की दूध आटतं म्हणून त्यालाही बंदी.

कावीळ म्हणे आईच्या दुधातून येते, म्हणून बाबाने काल एक माळ तिलाही दिली होती. ती तिने घातलीच नाही. कोपऱ्यात पाचवीला पुजलेला पाटा-वरवंटा होता. रागाच्या भरात तिने वरवंटा पाट्यावर उभा केला आणि माळ त्याच्या डोक्यात घट्ट बसवली. घे, तूच बरा हो!

आता सहज तिकडे नजर गेली आणि ती ताडकन उठली. माळ घसरून पाट्यावर आली होती.

तिने ती उचलून पाहिली. काल हिरव्यागार, ओल्या असलेल्या काड्यांचे तुकडे वाळून बारीक झाले होते. प्रत्येक तुकड्याला दिलेला दोऱ्याचा वेढा ढिला पडला होता आणि तेवढी माळ लांबली होती. ना मंत्र, ना तंत्र. हर्षालीने गोणपाटाचं टोक ओढलं आणि उजेडात बाळाचं झबलं वर केलं. काल फक्त चेहरा पिवळा होता. आज पोटसुद्धा.

छातीशी बाळ, काखेत वरवंटा, हातात माळ, अशी ती अंगणात आली.

"अगं बाई, बाळंतीण भाईर!"

"बाबा, ह्या वरवंट्याच्या डोक्यात तुमची माळ घातली होती. ह्याचीबी कावीळ उतरली. ह्याला कधी झाली होती?"

कुणीतरी फिसकन हसलं. बाबा कसला डगमगतोय! "दगडातबी जीव असतो, पोरी! माझी ताकद त्यालाबी लागली!"

हर्षाली सासूकडे वळली. "आत्याबाई, पहाटे ओवलेला हार सांजेला कसा होतो?"

कुसाबाईचा जन्म पंचवटीत हार विकण्यात गेला होता. तिने माळ हातात घेतली आणि बोटाने एकेक वेढा सरकवून पाहिला. फूल सुकलं की दोरा ढिला पडतो, हार लोंबायला लागतो, हे तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

"नुसतं वाळतंय हे," ती पुटपुटली. मग एकदम ओरडली, "रिक्षा बोलवा रे!"

"गुण जाईल!" बाबा ओरडत राहिला. त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

प्रतिभाताईंनी रक्त तपासलं आणि बाळाला निळ्या दिव्यांखाली ठेवलं. "पुष्कळ नवजात बाळांना थोडी कावीळ होते, बहुतेकांची आपोआप जाते. त्याचं श्रेय या माळा घेतात. पण वाढली, तर पिवळेपणा चेहऱ्यावरून छाती, पोट, पाय असा पसरत जातो. माळ पायाशी यायची वाट बघत बसला असतात, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकली असती."



बाळ पुन्हा पोटभर दूध प्यायला लागलं, तशी कुसाबाई तडक सहादूबाबाच्या दारी गेली. पेठहून आलेली एक कोवळी आई तान्हं घेऊन तिथे माळेसाठी उभी होती. तिने ते तान्हं उजेडात धरलं आणि झबलं वर करून पोट पाहिलं.

"बये, माझ्याच नातवाचं वाटोळं करत होते मी. हार देवाला घाल, पोर डॉक्टरला दाखव. चल, मी येते संगं."